काळ्या मशीनची ओळख

जळगाव-धुळ्याकडे जुनी काळी सिंगर मशिनं सारखीच दिसतात. गोधडी शिवणाऱ्या बाईने सोनेरी वेलबुट्टीला भुलू नये; सुईजवळची पट्टी सरकवावी. आत बंदुकीच्या गोळीसारखं लांब शटल दिसलं, तर मशीन २७-२८च्या कुळातलं. त्यात २८ अंगाने लहान. गोल बॉबीन आडवी बसली तर ६६. बॉबीन उभी आणि ताणाची चकती डाव्या टोकाला असली तर १५.

आपल्याकडची बहुतेक काळी घरगुती मशिनं १५च्याच घडणीची. म्हणून तिचे सुटे भाग सहज मिळतात. माझ्या अम्मीने अशाच मशीनवर घर चालवलं. लांब शटल हरवलं, तर साठवलेले पैसे आणि रोजी दोन्ही अडकतात.

पैसे मोजण्याआधी कापडाच्या चार घड्यांवर हाताने चाक फिरवून बघा. गोधडीत आजीचं लुगडं असतं; ते फाटलं तर दुसरं मिळत नाही.