पट्टीवर ऑइल पूर्ण, तरी इंजिन कोरडं
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून मधुमेहापर्यंत सगळ्या विषयांवर बोलून झालं आहे. मी डिप्लोमा केलेला माणूस, त्यामुळे मला जे येतं त्यावरच बोलतो. गाडीच्या इंजिनाखाली ऑइलचं जे भांडं असतं, त्याला आपले मेस्त्री चेंबर म्हणतात. त्या चेंबरमध्ये एक नळी उतरलेली असते आणि तिच्या तोंडाला जाळी असते. पंप या नळीतून ऑइल ओढतो आणि इंजिनभर पोचवतो. आजचा विषय म्हणजे या नळीचं तोंड. हा विषय निवडला, कारण तो न कळल्यामुळे मी माझ्या मामांचं इंजिन घालवलं.

१२ वर्षांपूर्वीची गोष्ट. मामींचं माहेर साखळीला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे निघालो. गाडी मामांची, निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली जुनी पेट्रोल गाडी. पाऊस होता. कणकुंबीच्या अलीकडे पाण्यानं भरलेल्या खड्ड्यातला दगड खालून दाणकन लागला. उतरून पाहिलं. ऑइल गळत नव्हतं, म्हणून पुढे निघालो. चोर्ल्याचा उतार सुरू झाला आणि वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

मामांनी गाडी बाजूला घेतली. मी पट्टी काढून पुसली, परत घालून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही किंचित वर. मी म्हणालो, "मामा, ऑइल भरलेलं आहे. पावसानं स्विच बिघडला असेल. चला." मामा म्हणाले, "तू शिकलेला आहेस. तू म्हणतोस तर चला." चार-पाच वळणांनंतर खालून ठकठक ऐकू आली आणि केरीच्या अलीकडे इंजिन जाम झालं. मामींना घेऊन आम्ही एका टेम्पोतून साखळीला पोचलो, तेव्हा रात्र झाली होती.

झालं होतं काय? दगडानं चेंबरचा तळ आत दाबला गेला आणि जाळीला जवळजवळ टेकला. ऑइल भरपूर, पण नळीत शिरायला वाट नाही. भांडंच लहान झाल्यामुळे पट्टीवर पातळी उलट वर दिसत होती. ती खूण मी चांगली समजलो, खरं तर ती धोक्याची होती. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरत होतं, पंपाला जास्त ऑइल हवं होतं, आणि वाट फटीएवढी.

क्रँक बेअरिंगवर टेकून फिरत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तिथली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी, केसाहून कमी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० होतात. म्हणजे दिवा ५ सेकंद लागला तर तेवढ्यात २५० फेरे. बहुतेक गाड्यांत हा दिवा दाब अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच लागतो. तो आधी सूचना देणारा दिवा नाही. तो लागतो तेव्हा दाब गेलेला असतो.

चेंबर चेपलेला नसतानाही असं होऊ शकतं. आमटीची वाटी हातात घेऊन वळा, आमटी एका कडेला चढते. चेंबरमध्येही तेच. गुरुत्वाच्या निम्म्या जोरानं गाडी वळली तर ऑइलचा पृष्ठभाग सुमारे २७ अंश कलतो. ३० सेंटिमीटर रुंद भांड्यात एक कड दुसरीपेक्षा १५ सेंटिमीटर वर जाते. वळण लांबलं तर नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. १९५९ साली इंग्लंडमध्ये आलेल्या अलेक इसिगोनिस यांच्या मिनी गाडीत इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्याखालीच होता, ऑइल दोघांना एकच. शर्यतीच्या वळणांवर तिला हाच त्रास व्हायचा. त्यावर शर्यतवाल्यांनी नळीचं तोंड बाजूवरून मध्यभागी आणलं. जास्त ऑइल ओतून हे भागत नाही. पातळी फार वाढली तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि पंपाला फेसच मिळतो.

मामांचं इंजिन आम्ही उद्यमबागेत खोललं. क्रँक घासून घेतला, पाव मिलिमीटर अंडरसाइझ बेअरिंग बसवली. नवा चेंबर आणला. मग मी नळीवर लक्ष दिलं. जाळी आणि तळ यांत किती अंतर आहे ते चेंबर बसवल्यावर दिसत नाही. घरी गणपतीची शाडू उरली होती. तिचा गोळा प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळला, म्हणजे मातीचा कणही आत जाणार नाही, आणि जाळीखाली ठेवून चेंबर बोल्टांनी आवळला. परत काढून दबलेल्या गोळ्याची जाडी मोजली. ८ मिलिमीटर भरली, हवी तेवढी. अंतर फार कमी असेल तर ऑइल शिरत नाही, फार जास्त असेल तर तोंड लवकर उघडं पडतं.

नळीच्या सांध्यातलं रबरी रिंग कडक झालं होतं, ते बदललं. तिथून ऑइल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून हा दोष बाहेरून कळत नाही. नळी थरथरून तडकू नये म्हणून तिला एक पट्टीचा आधार दिला. तोंडाभोवती चेंबरच्या तळाला पत्र्याच्या आडव्या भिंती वेल्ड केल्या. त्यांना खाली भोकं ठेवली, म्हणजे ऑइल आत येईल पण वळणावर एकदम पळून जाणार नाही. वेल्डिंगचा एकही कण राहू नये म्हणून चेंबर तीनदा धुतला. चेंबर चिकटवताना सिलिकॉन बेतानं लावलं, कारण आत सांडलेलं सिलिकॉन सुटून जाळीतच अडकतं.

आपल्यापैकी कोणी घरच्या गाडीत भिंती वेल्ड करू नयेत. रस्त्यावरच्या गाडीला कंपनीनं दिलेली रचना पुरते. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. खालून दगड लागला तर गळती नसली तरी चेंबर बघून घ्या. लाल दिवा लुकलुकला तरी तिथेच इंजिन बंद करा. आणि पट्टीवर ऑइल पूर्ण दिसलं म्हणून पुढे जाऊ नका. पट्टी सांगते ऑइल किती आहे, ते पोचतं की नाही हे ती सांगत नाही.

मामांनी मला त्या दिवसाबद्दल कधी बोल लावला नाही. ती गाडी ते अजून चालवतात. मात्र दरवर्षी चतुर्थीला निघण्याआधी ते मला बोलावतात आणि म्हणतात, "पट्टी मी बघितली आहे. तू खाली वाकून बघ." मी वाकून बघतो.

गणपती बाप्पा मोरया!