शान्शीचे अरुंद रूळ



मनमाड स्थानकावर मुंबईच्या गाडींतून उतरून, वळकटी हमालाच्या डोक्यावर देऊन, औरंगाबादकडे जाणारी मीटरमापी गाडी ज्यांनीं एकेकाळीं गांठली आहे, त्यांना रुळांच्या रुंदींतील फरक समजावून सांगावयास नको. येथें ती केवळ गैरसोय होती. चीनमधील शान्शी प्रांतांत मात्र त्या फरकाला तटबंदीचें रूप आलें होतें.

१९११ च्या क्रांतींत चिनी बादशाही कोसळूं लागली, तेव्हां जपानांत लष्करी शिक्षण घेतलेला येन शी-शान हा अठ्ठावीस वर्षांचा अधिकारी शान्शीचा सुभेदार झाला. पुढें प्रांतोप्रांतीं असे सेनापति धनी होऊन बसले. त्यांतील कित्येक निव्वळ लुटारू होते; येन तसा नव्हता. मुलींचे पाय बांधण्याची चाल व अफूचें व्यसन यांविरुद्ध त्यानें मोहीम काढली, शाळा वाढविल्या. शान्शीला 'आदर्श प्रांत' असें नांव मिळालें. १९३० सालीं चिआंग कै-शेकशीं झालेल्या युद्धांत तो हरला. तरी १९३२ सालीं पुन्हां अधिकारावर आला. मग त्यानें कारखाने काढले आणि प्रांताच्या उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत मीटरमापी लोहमार्ग घातला. शेजारचे मुख्य मार्ग त्याहून रुंद होते. अरुंद मार्गास खर्च कमी, हें खरें. पण परक्या फौजांच्या गाड्या थेट आंत येऊं नयेत, हाहि त्यांत हेतु होता असें पुष्कळ जण मानतात.

फौजा आल्याच. नोव्हेंबर १९३७ मध्यें राजधानी तैयुआन जपान्यांनीं घेतली. पूर्वेकडून तेथें येणारा जुना मार्गहि अरुंदच होता. तो त्यांनीं रुंद करून टाकला. १९४५ सालीं येन परतला. एप्रिल १९४९ मध्यें कम्युनिस्टांनीं तैयुआन जिंकलें, त्यापूर्वींच तो विमानानें निघून गेला होता.

“गुरुजी, जपानी आले नसते तर शान्शी टिकलें असतें का?” असें एका विद्यार्थ्यानें मला वर्गांत विचारलें होतें. “टिकलें असतें,” असें मीं घाईनें सांगितलें. आज तसें सांगणार नाहीं. तें कदाचित् येनच्या हयातीपर्यंत टिकलें असतें. त्यानें शाळा दिल्या, कारखाने दिले. परंतु आपल्यावांचून चालेल अशी सत्ता उभारली नाहीं. माझी पाठ फिरतांच ज्या वर्गांत गोंगाट होई, त्या वर्गाला मीं शिस्त लावली असें कसें म्हणूं?