सह्याद्रीचा कडा मागे सरकतो आहे



लोणावळ्याच्या कड्यावर उभे राहून पूर्वेकडे तोंड केले की इंद्रायणीचे खोरे ऐसपैस पसरलेले दिसते. उत्तरेला कार्ल्याची डोंगररांग, दक्षिणेला लोहगड-विसापूर, मध्ये भातखाचरे, लोहमार्ग, महामार्ग आणि एक लहानशी नदी. ती उगम पावते इथेच, कुरवंडे गावाजवळ. डोंगरातल्या नदीच्या काठाने उगमाकडे चालत गेलात तर खोरे अरुंद होत जाते आणि शेवटी एखाद्या घळीत संपते. इंद्रायणीचे तसे होत नाही. तिचे खोरे पुरत्या रुंदीनिशी घाटमाथ्यावर येते आणि कड्याशी एकदम तुटते. मग वरचा भाग गेला कुठे?

तो उल्हास नदीने आणि तिच्या ओढ्यांनी खाल्ला. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. तिथून तुळापूरला भीमेला मिळेपर्यंत इंद्रायणी शंभर मीटरही उतरत नाही, आणि वाट मात्र शंभरेक किलोमीटरची. पलीकडे, उल्हासच्या बाजूला, कर्जत सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर, आणि तेवढ्यात जमीन पाचशे मीटरहून अधिक खाली गेलेली. त्यात पाऊस समुद्राकडून येणारा, घाटमाथ्यावर कोसळणारा. असा उतार आणि एवढे पाणी मिळालेला ओढा डोंगर पोखरत उगमाच्या बाजूने मागे सरकतो, पाणलोटाची धार फोडतो आणि पलीकडच्या नदीचे पाणी आपल्याकडे वळवून घेतो. भूगोलाचे अभ्यासक याला नदीचे अपहरण म्हणतात. कडा एके काळी आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड हे कोकणात सुटे उभे असलेले डोंगर म्हणजे कडा मागे हटताना राहून गेलेले तुकडे.

आता हा कडा झिजून गोल का होत नाही, उभाच्या उभा का राहतो? उत्तर खडकात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. काही थर घट्ट काळ्या कातळाचे, काही जाळीदार, ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी असते. घाटरस्त्याच्या कापात ती सहज दिसते. धबधब्याचे पाणी आणि पाझर ही मऊ पट्टी आधी खातात. वरच्या कातळाला उभ्या भेगा असतातच. खालचा आधार गेला की त्याचे मोठे मोठे चिरे सुटून दरीत पडतात, आणि मागे नवा उभा कडा तयार.

नुसते पाणी मात्र कातळ फारसे कापू शकत नाही. त्याला हत्यार लागते. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे जरूर पाहा, तेही उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी जात्यासारखे फिरत राहिले आणि माणूस मावेल एवढे गुळगुळीत खड्डे पडले. शेजारचे खड्डे एकमेकांत मिसळले की पात्र तेवढे खोल जाते. कुकडी पूर्ववाहिनी, तिचा उतार कमी. तरी तिच्याही हातून हे काम होते.

ही झीज लाखो वर्षांची, तिचे आपल्याला काय, असे कुणी म्हणू नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी गेली. त्या आठवणीने आजही जीव कासावीस होतो. आणि तरीही कड्याच्या टोकाशी बंगल्यांसाठी सपाटीकरण चालते, ओढ्याच्या तोंडी भराव पडतो. ओढा बुजवल्याने पाणी थांबत नाही. ते उतारात मुरते, दगडमाती जड करते आणि तिची पकड सोडवते. घाटातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत गावच्या ओढ्यांचा नकाशा भिंतीवर लागला पाहिजे, चार महिनेच वाहणारे ओहोळही त्यात आले पाहिजेत, आणि बांधकामाची परवानगी देणाऱ्याने आधी तो नकाशा पाहिला पाहिजे. हे ओहोळ कुठून उतरतात, ते गावातल्या गुराख्यांना विचारले तरी कळेल.