उगाच फिरण्याचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आज मी ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे, तिची नोंद आपल्या कुठल्याच अहवालात नसते. ती गोष्ट म्हणजे मजा.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या बायका घराबाहेर पडत नाहीत, असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. दिवाळीच्या मागेपुढे मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पलीकडे कर्नाटक. मार्च-एप्रिलपर्यंत फड, कोपी आणि मोळी. आपल्या बायकांनी अर्धा महाराष्ट्र पालथा घातलाय, पण पाहिला काय? ऊस. कोल्हापूरच्या वेशीवर पाच हंगाम काढून रंकाळा न पाहिलेल्या बायका आपल्या गटांत आहेत.

त्या उन्हाळ्यात गावी परततात, म्हणून आपली शिबिरं, प्रशिक्षणंही उन्हाळ्यातच होतात. गेल्या मे महिन्यात चार दिवसांच्या प्रशिक्षणाला मी मुंबईला गेले. बरोबर गटातल्या दोघीजणी होत्या, दोघींनी ऊसतोड केलेली. दिवसभर बैठक असायची. पाच वाजता सुटलो की आम्ही निघायचो.

लोकलच्या बायकांच्या डब्यात बसलो. तिथं तिघींच्या बाकावर चौथी टेकते, कुणी भाजी निवडते, कुणी टिकल्या-क्लिपा विकते, कुणी सरळ झोपते. पश्चिम रेल्वेनं 1992 साली फक्त बायकांची लोकल सुरू केली, ती नोकरीवर वेळेत पोचण्यासाठी. पण त्या डब्यात बायकांनी आपली अशी एक ओसरीच केली आहे. मग मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर रात्री दहापर्यंत बसलो. शेंगदाणे खाल्ले. कुणी विचारलं नाही, "कुणाची गं तू? इथं काय करतेस?" आपल्याकडे हा प्रश्न साधा नसतो. त्यात गाव येतं, आडनाव येतं, आणि आडनावामागून जात येते. तिथं तीन तास आम्हाला आडनावच नव्हतं.

राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले. काचेपलीकडचा गारवा बघून आमची एक मैत्रीण म्हणाली, "ताई, ह्यांची कोपी बरी हाय." आम्ही पोट धरून हसलो. ते हसणं साधं नव्हतं, हे तुम्हाला सांगायला नको.

मुंबई म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून गेलेली आपली माणसं त्याच शहरात झोपडपट्ट्यांत राहिली. तिथल्या बायकांनाही नळ, संडास आणि छप्पर यांच्यासाठी भांडावं लागलं. बायकांना मुतारी फुकट आणि स्वच्छ मिळावी, म्हणून 2011 साली तिथं 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली. शहरातलं मोकळेपण कुणी दान दिलेलं नाही. आणि ते सगळ्यांना सारखं मिळतही नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक 2011 साली आलं. त्यांचं म्हणणं असं की मुंबईतसुद्धा बाई रस्त्यावर असते ती काहीतरी कारण दाखवत. बाईनं नुसतं रेंगाळणं समाजाला खपत नाही. आपल्याकडची कारणं तुम्हाला पाठ आहेत : दवाखाना, कोर्ट, लग्न, मौत, देव. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा पारावर काय बोललं गेलं? "आता बायका उगाच फिरतील." या 'उगाच'लाच मला हात घालायचा आहे.

कारण विसावा ही चैन आहे, हे आपल्यालाही आतून पटलेलं असतं. इतिहास वेगळं सांगतो. रविवारची सुट्टी आकाशातून पडली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली. एप्रिल 1890 च्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 24 वं कलमही विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क सांगतं.

तो रविवार ऊसाच्या फडात अजून पोचलेला नाही. तिथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाईनं एक दिवस काम बुडवलं की 'खाडा' लागतो, दंड कापला जातो. पाळी आली, कंबर धरली, तरी खाडा. त्याचं टोक आपण 2019 मध्ये पाहिलं. सरकारी समितीच्या पाहणीत बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या शस्त्रक्रियांमागची कारणं अनेक आहेत. पण जिथं एका दिवसाच्या विश्रांतीला दंड आहे, तिथं पाळीही अडचण वाटू लागते, हे त्यातलं एक. म्हणून सांगते, कट्ट्यावर बसणं आणि गर्भाशय वाचवणं हे दोन वेगळे विषय नाहीत. बाईचं शरीर कामापुरतंच आहे की तिचं स्वतःचं आहे, हाच दोन्हीकडचा प्रश्न आहे.

माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, गटातल्या बायकांना बाहेरगावी प्रशिक्षणाला नेऊ, तेव्हा अर्धा दिवस फिरण्यासाठी ठेवायचा. अंदाजपत्रकात 'इतर' खाली लपवायचा नाही, 'फिरणं' असं लिहायचं. देणगीदारानं विचारलं तर उत्तर आपल्याकडे आहे.

दुसरी, आपापल्या तालुक्याच्या गावी बायकांना विनाकारण बसता येईल अशी जागा आहे का, ते बघायचं. बसस्थानकातली मुतारी उघडी आहे का? बागेत दिवा लागतो का? नसेल, तर नगरपालिकेत निवेदन द्यायचं. मुंबईला वर्षातून एकदा जाऊ, राहायचं इथंच आहे.

तिसरी, येत्या हंगामाच्या करारांआधी आठवड्याच्या भरपगारी सुट्टीची आणि खाडा बंद करण्याची मागणी लावून धरायची. मुंबईच्या गिरण्यांत 1890 साली जे मान्य झालं, ते आपल्या फडात कधी होणार, हे मुकादमाला आणि कारखान्याला लेखी विचारायचं.

आणि गावात कुणी म्हणालं, "कुठं गेला होतात गं उगाच?" तर सांगा, "उगाचच गेलो होतो."