जुने इंजिन घेताना रंग नको, गंज पाहा



विहिरीवरचे डिझेल इंजिन बसले की आपण बाजारातून जुने आणतो आणि त्याच जागेवर चढवतो. कांदा सुकत असतो, घाई असते. आम्हीही एकदा ताज्या रंगाला भुललो. पंधरा दिवसांत ऑईलमध्ये पाणी उतरले, बेअरिंग गेले, पीकही गेले. शेतकीची पदवी कामी आली नाही.

त्यातून शिकलो ते सांगतो. बाहेरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने निघतो, त्याला भिऊ नका. गंजाने खड्डे पडले असतील तर मात्र सावध व्हा. हेड उघडायला लावा. लायनरमध्ये रिंगा घासतात तिथे नख फिरवा. नख अडकले तर लायनर बदलावाच लागेल. हेडचे तोंड पाण्याच्या भोकांपाशी खाल्लेले असेल तर गॅस्केट टिकणार नाही.

खाऱ्या पाण्यावर चाललेल्या इंजिनाच्या जॅकेटमध्ये क्षार आणि गंज साचतो, मग इंजिन तापते. म्हणून हेड चढवून जॅकेट पाण्याने भरा, रात्रभर ठेवा. सकाळी चेंबरचा बोल्ट सैल करा. ऑईलच्या आधी पाणी आले तर लायनरच्या रबरी रिंगा, त्यांची बैठक किंवा ब्लॉक गेला समजा.

विकणारा हेड उघडू देत नसेल तर सरळ उठा. देत असेल तर लायनर, रिंगा, गॅस्केट, मेस्त्रीची मजुरी हिशेबात धरा, मगच भाव बोला. आपल्या मालाचा उत्पादनखर्च मांडायला आपण शिकलो. खरेदीचाही हिशेब तसाच मांडू या.