भाव उतरतो, कर्ज उतरत नाहीं
(यवतमाळ जिल्ह्यांतील एका गांवीं शिक्षकानें ग्रामस्थांपुढें केलेलें भाषण)



शहरांत घरांचे भाव उतरले, खोल्यांना भाडेकरी मिळत नाहींत, अशी बातमी आली कीं आपल्या पारावरहि चिंता सुरू होते. ज्यांचें स्वतःचें घर मातीचें आहे, तेहि सुस्कारे सोडतात! म्हणून आम्ही विचारतों: घर स्वस्त झालें तर नुकसान कोणाचें? रोजमजुरी करून भाड्याच्या खोलींत राहणाराचें नव्हे. मुलाला शिक्षणासाठीं यवतमाळास ठेवून दरमहा भाडें भरणाऱ्या कास्तकाराचेंहि नव्हे. ज्यानें पदरच्या पैशानें घर बांधलें व जो त्यांतच राहतो, त्याचें छप्पर भाव उतरल्यानें गळूं लागत नाहीं. मरण येतें तें कर्जाऊ पैशावर घर घेणाराचें. कारण भाव उतरतो. कर्ज उतरत नाहीं.

फळ्यावर मुलांना घालतों तसलें साधें गणित पाहा. एकानें १० लाखांचा प्लॉट घेतला. २ लाख पदरचे, ८ लाख कर्जाचे. भाव चौथ्या हिश्शानें पडला, प्लॉट साडेसात लाखांचा झाला. तो विकून सारी रक्कम कर्जांत भरली तरी ५० हजार अंगावर राहतात, वर व्याज निराळें; आणि पदरचे २ लाख तर गेलेच. भाव पाव हिश्शानेंच पडला, पण ह्याचें भांडवल सगळें बुडालें. भाड्याच्या भरंवशावर कर्ज काढून खोल्या बांधणाराचेंहि असेंच होतें. भाडें कमी होतें, हप्ता तोच राहतो.

वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाहीं. तेजीच्या काळांत वावराची किंमत पाहून सावकारानें मोठालीं कर्जें दिलीं व कुणब्यानें तीं घेतलीं. १९२९ सालीं जगांत मंदी आली, कापूस कोसळला, त्यापाठोपाठ वावरहि स्वस्त झालें. खतावरचा आंकडा मात्र हलला नाहीं. तेवढेंच व्याज फेडण्यास कितीतरी अधिक कापूस घालावा लागूं लागला. वऱ्हाडांत रयतवारी पद्धत. खातेदाराला जमीन विकण्याची व गहाण टाकण्याची मोकळीक होती. तीच मोकळीक मंदींत फास ठरली. अखेर मध्यप्रांत सरकारास १९३३ सालीं कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला.

आज २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. सावकारानें कर्जापोटीं घशांत घातलेली जमीन १५ वर्षांच्या आंतली असल्यास सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मागतां येते. पण बँकेच्या हप्त्याला हा कायदा लागत नाहीं, हें विसरूं नका.

मग गरिबानें घर घेऊंच नये काय? अवश्य घ्यावें, आणि भाव उतरला असतांना घ्यावें. त्या वेळीं घाई विकणाराला असते. घेणारानें ती करूं नये. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणें, तो ज्या योजनांना लागू आहे तेथें, नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बांधकाम करणाराला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. तो अधिक मागेल तर देऊं नका. तसेंच मुद्रांक शुल्क ठरतें तें सौद्याची किंमत व सरकारी मूल्यदर ह्यांतील जी रक्कम अधिक असेल तीवर; सबब सौदा स्वस्त झाला म्हणून शुल्कहि तितकेंच कमी होईल असें धरून चालूं नका. सरकारी दर आधीं पाहा.

भाड्यानें राहणारांनीं करार लेखी मागावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें तो लिहून नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. लेखी, नोंदलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचें म्हणणें खरें धरलें जातें. तें खोटें ठरविण्याचा भार मालकावर. इतका आधार असूनहि आपली माणसें तोंडच्या बोलण्यावर रक्कम मोजून येतात, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

आमचें सांगणें एवढेंच. ज्या वावरावर पोट चालतें तें गहाण टाकून शहरांत प्लॉट घेऊं नका. प्लॉट पिकत नाहीं; मंदींत तो खपतहि नाहीं. कोणी आग्रह करूं लागला, "भाव दुप्पट होतील" म्हणूं लागला, तर चारचौघांसमक्ष त्याला विचारा: भाव उतरले तर आमचें कर्ज तुम्ही फेडाल काय?