सातपुड्याचे वीर

शिरपुराहून उत्तरेकडे पाहिलें कीं सातपुड्याची निळी रांग दिसते. मुंबई-आग्रा रस्ता या गांवावरून पुढें त्याच रांगेंत शिरतो आणि सेंधव्याच्या घाटानें माळव्याकडे जातो. श्रोतेहो, वीर म्हटला कीं आपल्या सुशिक्षित घरांत रामाचें, अर्जुनाचें, फार तर कर्णाचें नांव निघतें. या रांगेंत राहणाऱ्या भिल्ल-पावरा लोकांच्या मनांतले वीर निराळे आहेत. त्यांतला एक तर महाभारताचा मोठा अपराधी होय.

अश्वत्थाम्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. सौप्तिकपर्वांत तो रात्रीं शिबिरांत शिरून धृष्टद्युम्नास आणि द्रौपदीच्या पांचही पुत्रांस मारतो. पुढें उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो. त्याच्या मस्तकींचा मणि काढून घेतला जातो, आणि तीन हजार वर्षें एकट्यानें रानोमाळ भटकण्याचा शाप त्याला मिळतो. व्यासांनीं त्याला येथें सोडून दिला. सातपुड्यानें ठेवून घेतला. नंदुरबार जिल्ह्यांतील अक्राणी तालुक्यांत अस्तंबा नांवाचें सुमारें १३२५ मीटर उंचीचें शिखर आहे. दर दिवाळीस, धनत्रयोदशीच्या सुमारास, हजारों आदिवासी यात्रेकरू तें पायीं चढतात. वर आहे अश्वत्थाम्याचें स्थान. कपाळावरची जखम घेऊन तो डोंगरवाटांवर तेल मागत हिंडतो, अशी त्या मुलखांतली समजूत आहे. बालहत्या करणाऱ्याची ही पूजा कशी, असा प्रश्न शास्त्रीबुवांना पडेल. परंतु त्याच्या पित्याचा घात ज्या अर्धसत्यानें झाला, तें धर्मराजाच्या तोंडचें होतें, हेंही व्यासांनीं लपविलेलें नाहीं. शिवाय ज्याला कोठेंच थारा नाहीं त्याला डोंगर आसरा देतो, हें ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलें त्यांना तो परका वाटला नसावा.

दुसरा वीर पुराणांतला नव्हे, सरकारी दप्तरांतला आहे. त्याचें नांव खाज्या नाईक. १८८० च्या खानदेश ग्याझेटियरांत त्यालाच काजरसिंग म्हटलें आहे. हा मूळचा सेंधवा घाटाचा राखणदार, म्हणजे सरकारचाच चाकर. चोरीच्या संशयावरून धरलेला एक इसम त्याच्या हातून मेला. दहा वर्षांची शिक्षा झाली. मुदतीपूर्वीं सुटका होऊन तो पुन्हां नोकरीवर घेतला गेला. मग १८५७ सालीं तोच उठला. भिल्लांची फौज जमली, शिरपूर लुटलें गेलें, आणि आग्रा रस्त्यानें चाललेला सुमारें सात लाखांचा खजिना घाटांत हातचा गेला! जो रस्ता राखण्याचा पगार मिळत असे, त्याच रस्त्यावर हें घडलें. ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणी येथें मोठी लढाई झाली. शेंकडों भिल्ल स्त्रियांस कैद करण्यांत आलें. पकडलेल्या पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या. खाज्या मात्र निसटला. १८६० सालीं तो दग्यानें मारला गेला.

तंट्या भिल्लास १८८९ सालीं जबलपुरास फांशी झाली. पुढें बाबा भांड यांच्या कादंबरीनें त्याला मराठी घरांत आणून बसविलें. खाज्याची गोष्ट अधिक अवघड आहे. ज्या पेठेच्या तिजोऱ्या त्यानें फोडल्या, तिच्या वारसांनीं त्याला काय म्हणावें? लुटारू म्हणावें, तर अंबापाण्याची ती दुपार मध्यें उभी राहते. वीर म्हणणारे अनेकदां त्या मेलेल्या इसमाचा उल्लेख गाळतात. हें गाळणें बरें नव्हे. तुरुंगांतून सुटलेला, पुन्हां त्याच घाटावर चाकरीस उभा केलेला आणि मग बंडाकडे वळलेला मनुष्य हा नुसत्या पुतळ्यापेक्षां किती तरी मोठा आहे.

आज त्या घाटांतून रात्रंदिवस मालमोटारी धांवतात. चढावर त्यांचा वेग मंदावतो, आणि दोन्हीं बाजूंस तेंच रान दिसतें.